सोळा खोल्यांचा रंगारी

माझ्या भावाच्या मयताला त्याचा घरमालक आला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. ती इस्त्री मीच केलेली, आमच्या लाँड्रीत, दोन दिवस आधी. तेव्हा मला काय माहीत तो शर्ट कशाला घालणार आहे. माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "देवमाणूस होता हो तुमचा भाऊ. असा भाडेकरू परत मिळायचा नाही."

मीही हात जोडले. मनात म्हटलं, थांब तू. तुला बघतेच.

त्याला त्याच्या बिल्डिंगमध्ये सगळे गोडतोंड्या म्हणतात. जिभेवर साखर आणि डोक्यावर बर्फ. कधी आवाज चढवत नाही, कधी शिवी नाही. भाडं वाढवायचं असलं की आधी पोराबाळांची चौकशी करतो. कुणाच्या पोराचं नाव आठवून विचारलं की समजायचं, आता पाचशे गेले.

आता भावाचं सांगते. लोक मेलेल्याचं सगळं गोड गोड सांगतात, मी तसं सांगणार नाही, होतं तसं सांगते. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. रंगारी होता. घरांना रंग द्यायचा. कामाच्या नाक्यावर त्याला मास्तर म्हणायचे, कारण त्याच्याइतकी लांबी कुणाला भरता येत नव्हती. लांबी म्हणजे रंगाच्या आधी भिंतीला लावतात तो लगदा, खड्डे भरायला. तो भरायचा आणि घासायचा तर भिंत अशी व्हायची की हात फिरवला तर कळायचं नाही कुठे खड्डा होता. भुवया कायम पांढऱ्या. वहिनी म्हणायची, "लग्नात हे काळ्या भुवयांचे होते, मला फसवलं."

आणि रंगांची नावं त्याची स्वतःची. कंपनीच्या पुस्तकात जी नावं असतात ती तो कधी घ्यायचा नाही. एका रंगाला तो 'थकलेला पिवळा' म्हणायचा. एकाला 'सासूबाई आल्या'. कुणी बाई म्हणाली मला हॉलला हलका गुलाबी पाहिजे, की हा तोंड गंभीर करून म्हणायचा, "म्हणजे तुम्हाला लाजलेला बटाटा पाहिजे." बाई हसायची आणि तोच रंग घ्यायची. मी त्याला म्हणायचे, अरे तुझी जीभ नसती तर तुला काम कुणी दिलं असतं? तर म्हणायचा, "ताई, भिंत बोलत नाही, मग कुणीतरी बोलायला नको?"

सहा वर्षांपूर्वी तो मोठं शहर सोडून इथे आला. तिथे एका खोलीत दोन कुटुंबं, मध्ये कपाटाची भिंत. महिन्याचं निम्मं भाड्यातच जायचं. कुणीतरी सांगितलं, अमुक शहरात जा, ना फार मोठं ना फार लहान, तिथे अर्ध्या भाड्यात खिडकीवालं घर मिळतं. खिडकी म्हटल्यावर वहिनीने दुसऱ्या दिवशी भांडी बांधायला घेतली. पोर तेव्हा पाच वर्षांची.

पण ती बातमी यांनाच कळली होती असं थोडंच. सगळ्यांनाच कळली होती. स्वस्त घरं ऐकून एवढे लोक आले की घरंच महाग झाली. हे सामानाच्या टेम्पोत बसले तेव्हा एक भाडं, उतरले तेव्हा दुसरं. ज्या घराचं बोलणं झालं होतं तो माणूस म्हणाला, "काल एकजण जास्त देऊन गेला, माझा काय दोष?" टेम्पो रस्त्यात उभा, टेम्पोवाला घड्याळ बघतोय, पोर म्हणतेय शू लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

मग कुणीतरी गोडतोंड्याचा पत्ता दिला. तीन मजले, सोळा खोल्या, प्रत्येकीच्या आत एक टीचभर स्वयंपाकघर. तळमजल्यावर मागच्या बाजूची एक रिकामी होती. मागच्या बाजूचीच का रिकामी, हे तेव्हा विचारायला पाहिजे होतं. पण रस्त्यात टेम्पो उभा असताना माणूस प्रश्न विचारत नाही.

मी वर्षभराने आले. माझे मिस्टर गेले, तिकडे माझं कुणी राहिलं नाही. धाकटा म्हणाला, ताई इकडे ये. लाँड्रीत इस्त्रीचं काम बघून दिलं त्यानेच, मालकिणीने वरची खोली दिली, पत्र्याची, भट्टीसारखी तापते पण कोरडी. पहिल्यांदा त्याच्या घरी गेले तर दारातच वास आला. ओल्या फडक्याचा असतो तसा. म्हटलं, अरे हा वास कसला? तर तो म्हणाला, "वास? मला नाही येत." वीस वर्षं रंगात राहून त्याचं नाक गेलं होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, मला येतो. पण आता तो घरातलाच एक झालाय. ताटच काय ते वाढायचं बाकी आहे."

कपाट सरकवलं तर मागे भिंत काळी. बुरशी. रंगाचे पोपडे सुटलेले, बोट लावलं की पडायचे. पोरीची गादी त्याच भिंतीला.

त्याने गोडतोंड्याला बोलावून दाखवलं. मी तिथेच होते. गोडतोंड्याने भिंतीकडे असं बघितलं जसं काही कुणी फोटो दाखवतंय. मग पोरीच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "अहो तुम्ही रंगारी ना? मग तुम्हाला काय अवघड आहे? रंग मी आणून देतो, हात तुमचे."

"साहेब, रंगाने होणार नाही," भाऊ म्हणाला. "आत सांडपाण्याची पाइप फुटलीय. ती वरपासून खालपर्यंत याच भिंतीतून येते. फोडून बदलायला पाहिजे."

"करू की. सगळं करू. आत्ता रंग द्या."

आणि मग त्याने ते बोलणं काढलं. म्हणाला, बाकीच्या खोल्यांचंही तुम्हीच बघा. कुणी खोली सोडली की दोन हात मारून द्यायचे, नवा माणूस यायच्या आत. मजुरी नाही. पण तुमचं भाडं मी वाढवणार नाही. कधीच नाही.

भाऊ घरी येऊन हसत होता. "ताई, सगळ्या शहराचं भाडं पळतंय आणि माझं जाग्यावर बसलंय."

मी म्हटलं, "भाडं बसलंय, ओल नाही बसलेली. ती चढतेय."

"तू ना, इस्त्री करून करून डोकं गरम झालंय तुझं."

हसण्यावारी नेलं. पण मला तेव्हापासूनच ते खुपत होतं. कारण पुढे काय झालं, दर पाच-सहा महिन्यांनी मागच्या बाजूचा एखादा भाडेकरू खोकून खोकून कंटाळायचा आणि खोली सोडायचा. मग माझा भाऊ चढायची लाकडी घोडी घेऊन जायचा, बुरशी खरवडायचा, लांबी भरायचा, प्रायमर, दोन हात रंग. चार दिवसांत खोली अशी दिसायची की आजच बांधली. गोडतोंड्या नव्या माणसाला घेऊन यायचा, खिडकी उघडून ठेवायचा, आणि भाडं पहिल्यापेक्षा जास्त सांगायचा. नवा माणूस भिंतीवर हात फिरवायचा, म्हणायचा वा. सोळापैकी अकरा खोल्या त्या पाइपेवरच्या. माझ्या भावाचा हात चांगला होता ना, तोच घात झाला. वाईट रंगारी असता तर महिन्यात डाग दिसले असते, कुणी फसलं नसतं. याच्या हाताखाली ओल सहा-सहा महिने बाहेर यायची नाही.

मी बोलले त्याला. एकदा नाही, दहादा. "अरे लोकांची पोरं झोपतात तिथे. झाकतोस कशाला?"

"मी नाही झाकली तर दुसरा झाकेल. आणि माझं भाडं वाढेल. मग आपण कुठे जायचं सांग? सांग ना. कुठे?"

या गावात भाडं ऐकायचं म्हणजे आधी खाली बसायचं आणि मग विचारायचं. लोक म्हणतात लहान शहर आहे, सगळं वीस मिनिटांवर. हो, वीस मिनिटांवर आहे, पण बस तासाला एक. स्वस्त खोली मिळायची ती गावाबाहेर, तिथून पहाटेच्या नाक्यावर पोचायलाच रंगाच्या एका डब्याएवढे पैसे. नाक्यावर उशिरा गेलं की काम गेलं. म्हणजे स्वस्त खोली घेऊन माणूस उपाशी, महाग घेऊन पण उपाशी, मधलं काही नाही.

शेवटच्या वर्षात तो नव्या भाडेकरूंशी बोलायचा बंद झाला. जिन्यात कुणाचं लहान मूल समोर आलं की खाली बघायचा. आधी त्याच पोरांना तो ब्रशाने मिशा काढून द्यायचा.

मग त्यालाच खोकला लागला. आधी म्हणाला, घासकामाची धूळ आहे. मग रात्रीचं झोपता येईना, बसून राहायचा. डॉक्टरने फोटो काढला छातीचा, विचारलं कुठे राहता, काय काम करता. सगळं ऐकून म्हणाला, धूळ तर आहेच, पण पहिलं घर बदला. औषध काय, लिहून दिलं. घर कोण लिहून देणार?

आम्ही नऊ खोल्या बघितल्या दोन महिन्यांत. एका ठिकाणी म्हणाले, खोकणारा माणूस नको. एका ठिकाणी सहा महिन्यांचं आधी मागितलं. शेवटी तो गोडतोंड्याकडेच गेला. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली रिकामी झाली होती. तिच्या भिंतीतून पाइप जात नाही, सकाळचं ऊन येतं. भावानेच ती रंगवली होती आठवड्यापूर्वी, खोकत खोकत. म्हणाला, साहेब, ती मला द्या, माझी खालची घ्या.

गोडतोंड्या म्हणाला, "देतो की. तुम्हाला नाही देणार तर कुणाला? फक्त त्या खोलीचं भाडं नवीन आहे. आपलं बोलणं खालच्या खोलीचं झालं होतं."

नवीन भाडं म्हणजे दुपटीला थोडं कमी. भाऊ परत आला. वहिनीने विचारलं काय म्हणाले, तर म्हणाला, "म्हणाले, रंग छान झालाय."

तीन महिन्यांनी गेला. दवाखान्यात, सकाळी, मी चहा आणायला खाली गेले होते तेवढ्यात. सेहेचाळीस वर्षांचा.

मयतानंतर महिनासुद्धा झाला नव्हता. गोडतोंड्या वहिनीकडे आला. पोरीला विचारलं, कितवीत गेलीस बाळा? तेव्हाच वहिनी समजली. म्हणाला, जुन्या भाड्याचं बोलणं मास्तरांशी होतं, मास्तर गेले, बोलणं संपलं. नवीन भाडं द्या नाहीतर महिनाअखेर खोली सोडा. मला घाई नाही हो, असं पण म्हणाला. वहिनी दोन घरी स्वयंपाक करते, ती कुठून देणार? आली माझ्याकडे, पोरीला घेऊन, चार गाठोडी. पत्र्याखाली आम्ही तिघी.

किल्ली द्यायला मी गेले. वहिनीला त्या दारात परत जायचं नव्हतं. गेले तर मालकाकडच्या दुसऱ्या किल्लीने उघडून आत नवा रंगारी आलेला, चष्मेवाला, उंच. भिंत घासायला घेतली होती. मला म्हणाला, "तुम्ही मास्तरांच्या कोण?"

"बहीण. थोरली."

"मग हे बघा." त्याने लाइटच्या बटणांचा बोर्ड स्क्रू काढून बाजूला लटकवला होता. रंगाच्या आधी सगळेच काढतात. बोर्डच्या मागे भिंतीवर पेन्सिलने लिहिलेलं. माझ्या भावाचं अक्षर, मुंग्या चालल्यासारखं.

मला वाचायला वेळ लागतो. एक एक अक्षर लावून वाचलं. तारीख. रंगाचा नंबर. दोन हात. मग खाली: पाइप आत फुटलेली. रंगाने थांबणार नाही. मालकाला तीन वेळा सांगितलं. आणि त्याच्याही खाली: इथे मी राहतो. पोरीची गादी या भिंतीपासून लांब ठेवायची.

मी खाली बसले. चष्मेवाल्याने पाणी दिलं. म्हणाला, "ही आमच्यातली पद्धत आहे बाई. रंगाचा नंबर लिहून ठेवतो आम्ही बोर्डच्या मागे, पुढच्या रंगाऱ्याला जुळवायला. भिंतीत काही खोट असली तर तीपण. पुढच्याने फुकट मेहनत करू नये म्हणून. दुसरं कुणी तो बोर्ड खोलत नाही. मास्तर तर फार लिहायचे. मी वरच्या दोन खोल्यांमध्ये पण बघितलं. सगळीकडे लिहिलंय."

"सगळीकडे?"

"जिथे ओल तिथे. कधी सांगितलं, किती वेळा सांगितलं, मालक काय म्हणाला. सगळं."

मग तो ब्रश धुवायला लागला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, "मी नाही रंगवत ही भिंत."

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं. मला वाटलं, ती पेटून उठेल. तर ती घाबरली. "वन्सं, हे कुणाला सांगू नका. लोक काय म्हणतील? म्हणतील, याला सगळं माहीत होतं आणि यानेच झाकलं. भाडं वाचवायला लोकांची पोरं आजारी पाडली. गेलेल्या माणसाचं नाव तेवढं राहिलंय आपल्याकडे. ते तरी राहू द्या."

आणि तिचं चूक नव्हतं. तो लिहायचा, पण बोर्डच्या मागे लिहायचा. समोर पांढरं करायचा. मला त्याचाही राग आला, खूप आला. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणतात, येतं. पण राग आला म्हणून कुणाला सोडायचं? एक गेला. दुसरा पांढरा शर्ट घालून फिरतोय.

आठवडाभर मी इस्त्री करत राहिले आणि विचार करत राहिले. त्या बिल्डिंगमधल्या नऊ घरांचे कपडे आमच्याकडे येतात. मला शर्टवरून माणूस ओळखता येतो. पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर, कॉलर घासलेली. दुसऱ्या मजल्यावरची शिलाईवाली, तिच्या बाळाचे झबले वेगळे बांधून देते. ते झबले घडी करताना माझा हात थांबला. हे बाळ पाइपेच्या खोलीत झोपतं. ती खोली माझ्या भावाने रंगवली, तिला आवडेल असा रंग देऊन.

बिलाच्या कागदाच्या मागे मी लिहिलं. नऊ वेळा. माझं अक्षर भावापेक्षा वाईट. लिहिलं: खोलीतल्या लाइटच्या बटणांचा बोर्ड खोला. मागे भिंतीवर लिहिलंय ते वाचा. आधी मेन बंद करा. ते मेनचं मी मुद्दाम लिहिलं, मला आणखी एक मयत नको होतं. आणि एक एक कागद शर्टाच्या घडीत घालून दिला.

तीन दिवसांत सगळ्या बिल्डिंगने बोर्ड खोलले. ज्यांचे कपडे आमच्याकडे येत नाहीत त्यांनीही खोलले. लोक फोनच्या टॉर्चने एकमेकांच्या भिंती वाचत फिरत होते, असं ड्रायव्हर सांगत होता. म्हणाला, "बाई, माझ्याकडे तर लिहिलंय, मालक म्हणाला भाडेकरूला दमा आधीपासून असेल. म्हणजे माझ्या आधीचा खोकूनच गेला इथून!"

गोडतोंड्याला जिन्यात गाठलं सगळ्यांनी. तो काय करणार, त्याने बरोबर तेच केलं ज्याला वहिनी घाबरत होती. "अहो लिहिणारा कोण? रंगवणारा कोण? तोच ना? त्याने स्वतःच्या भाड्यासाठी केलं सगळं. मी भोळा माणूस, मला भिंतीतलं काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी शिलाईवाली लाँड्रीत आली. बाळ कडेवर. कपडे द्यायला नव्हती आली. मला म्हणाली, "त्याने माझ्या बाळाला ब्रश दाखवून हसवलं होतं. त्याला माहीत होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हटलं, "होतं."

"मग तो पण तसलाच."

"हो. पण तो मेला त्याच भिंतीने. दुसरा अजून भाडं घेतोय."

तिने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिचे राहिलेले कपडे, न केलेले, तसेच उचलून घेऊन गेली. परत आमच्याकडे कपडे टाकले नाहीत तिने. ते मला लागलं, लागायलाच पाहिजे होतं. पण तिनेच जाऊन नगरपालिकेत अर्ज दिला. बुधवारी माणूस येणार भिंत बघायला, असं ठरलं.

सोमवारी गोडतोंड्या आमच्या पत्र्याखाली आला. वहिनी कामावरून नुकती आली होती. बसायला जागा नव्हती, उभाच राहिला, घाम फुटला होता. पहिल्यांदा त्याला घाम आलेला बघितला मी. पोर वही घेऊन बसली होती, तिला काही विचारलं नाही या वेळी.

म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली परत रिकामी झालीय, ती मी तुम्हाला देतो. जुन्या भाड्याने. मास्तरांच्या भाड्याने. कायम. फक्त एक कागद द्या, की मास्तरांनी रागाच्या भरात खोटं लिहिलं होतं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मला तिच्या डोळ्यांत ती खोली दिसली. ऊन, खिडकी, पोरीला अभ्यासाला कोपरा. तिने सहा वर्षं ज्याच्यासाठी भांडी बांधली ते. ती सही करणार होती, मला माहीत होतं. आणि मी तिला नावं ठेवत नाही. तिच्या जागी मी असते, पोर माझी असती, तर मीही केली असती.

मी मध्ये पडले. म्हटलं, "साहेब, तोंडी बोलण्याचं काय होतं ते आम्ही बघितलंय. माणूस गेला की बोलणं संपतं. तुम्ही आधी लिहून द्या. खोली, भाडं, कशाच्या बदल्यात. सही करा. मग वहिनी तिचा कागद देईल."

"विश्वास नाही का माझ्यावर?"

"आम्ही अडाणी हो. आम्हाला कागद लागतो."

अडाणी म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. तिथेच पोरीच्या वहीतून पान घेतलं आणि लिहिलं. सगळं लिहिलं, घाईत होता. की तिसऱ्या मजल्यावरची खोली सहा वर्षांपूर्वीच्या भाड्याने कायम देईन, बदल्यात रंगाऱ्याच्या घरचे लिहून देतील की भिंतीमागचं लिखाण खोटं आहे. खाली सही, तारीख. मी म्हटलं, वहिनीचा कागद उद्या घेऊन जा, आज ती दमून आलीय. तो गेला. जाताना म्हणाला, "मास्तर आज असते तर खूश झाले असते."

वहिनी म्हणाली, "वन्सं, उद्या सकाळीच देऊन टाकू."

मी हो म्हटलं. पहिल्यांदा आणि शेवटचं मी तिच्याशी खोटं बोलले. ती खाली नळावर गेली तेव्हा कागद कमरेला खोचला आणि निघाले. बिल्डिंगच्या जिन्यात, जिथे तो भाडेवाढीची नोटीस लावतो, त्याच पाटीवर चारी बाजूंनी चिकटवला. आणि प्रत्येक दारावर थाप मारत वर गेले, परत खाली आले. रिकाम्या खोल्या सोडून सगळी दारं. "बाहेर या. वाचा. मालक जुन्या भाड्यात खोली देतोय."

काय आवाज झाला त्या जिन्यात! ड्रायव्हर मोठ्याने वाचत होता. कुणीतरी म्हणालं, परत वाच. "म्हणजे याला परवडतं! सहा वर्षांपूर्वीचं भाडं याला परवडतं!" सगळ्यांनी फोटो काढले. गोडतोंड्या धावत आला तोवर कागद फाडून काही उपयोग नव्हता, तरी त्याने फाडला. मग माझ्याकडे वळला. आणि तो माणूस ओरडला. कधी आवाज न चढवणारा. "काय मिळालं तुला, बाई? काय मिळालं? तुझ्या वहिनीला घर मिळत होतं! तुझ्या भावाच्या पोरीला!"

मी म्हटलं, "साहेब, हळू बोला. लोक काय म्हणतील."

बुधवारी नगरपालिकेचा माणूस आला. मागची भिंत फोडली. आतून जे निघालं ते मी सांगत नाही, जेवायच्या आधी कुणी वाचत असेल. राहिलेल्या सगळ्या घरांनी भाडं बंद केलंय, म्हणतात जुनं देऊ, पाइप बदलल्यावर देऊ. नाक्यावरचा एकही रंगारी त्याच्या कामाला जात नाही, चष्मेवाल्याने सगळ्यांना सांगितलंय. बाहेरगावाहून दोघे आणले होते त्याने, त्यांनी पहिल्याच खोलीचा बोर्ड खोलला आणि दुपारच्या बसने परत गेले. सहा खोल्या रिकाम्या पडल्यात.

आणि माझ्या भावाचं नाव? काही जण म्हणतात बिचारा, काही जण म्हणतात लबाड. दोन्ही खरं आहे. मी कुणाचं तोंड धरायला जात नाही.

वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. पत्र्याखाली तीन माणसं आणि त्यातली दोन बोलत नाहीत म्हणजे काय असतं ते करून बघा. पोरीच्या हातून निरोप. "आत्या विचारते मीठ कुठेय." "आत्याला सांग, तिच्या डोक्यावर." मी ऐकून घेतलं. तिचं घर मी घालवलं होतं, तिला न विचारता. पोरीचा खोकला इथे कमी झालाय, पण ते काही मी बोलून दाखवलं नाही. ते पत्र्याच्या नशिबाने झालं, माझ्या नाही.

अबोल्याच्या बाराव्या दिवशी ताट वाढता वाढता वहिनी एकदम म्हणाली, "पहिल्या मजल्यावरचे पण सोडून चालले."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? मी बघते ना. रोज कामावरून येताना जाते तिथे."

"कशाला?"

"काही नाही. समोरच्या फुटपाथवर उभी राहते थोडा वेळ. त्याला दिसेल अशी."

मी जेवत राहिले. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला, न विचारता.

रविवारी लाँड्री बंद असते. आता रविवारी मीही जाते तिच्याबरोबर. आम्ही काही बोलत नाही, ओरडत नाही, नुसत्या उभ्या असतो, दोघी. तो गाडीतून एक पाय बाहेर टाकतो, आम्हाला बघतो, पाय आत घेतो आणि दार लावून घेतो.